काचेच्या धाग्यांची खुर्ची

शाळेच्या सभागृहात भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्यांना आपण सगळेच 'फायबरच्या खुर्च्या' म्हणतो. लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात, ग्रामसभेत त्याच असतात. गंमत अशी, की या खुर्च्यांमध्ये फायबर म्हणजे धागा औषधालाही सापडत नाही. त्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरलं, थंड केलं, की खुर्ची तयार. खरी फायबरची खुर्ची निराळी. ती १९५० साली अमेरिकेत विक्रीला आली आणि तिच्यातला धागा होता काचेचा.

काचेच्या खुर्चीवर बसायचं म्हटलं तर वर्गात हशा पिकेल. पण या खुर्चीची गोष्ट मुलांना जरूर सांगावी असं आम्हाला वाटतं. एक तर तिच्यात भूमिती, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र अशा तीन तासांचा माल आहे. दुसरं म्हणजे ती उलट्या क्रमानं घडली आहे. आधी आकार ठरला, आणि तो आकार पेलणारा पदार्थ हाती लागेपर्यंत दहा वर्षं गेली.

ओंजळीसारखी बैठक

१९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयानं घरगुती फर्निचरच्या रचनेची एक स्पर्धा भरवली. चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन या दोन तरुण वास्तुशिल्पकारांनी तिच्यात भाग घेतला. नेहमीच्या खुर्चीत बैठक, पाठ आणि हात वेगवेगळे करून जोडतात आणि टोचू नये म्हणून वर गादी घालतात. या दोघांची कल्पना अशी, की बैठक, पाठ आणि हात मिळून एकच पातळ कवच करावं आणि त्यानं शरीराला ओंजळीसारखं धरावं. यामागचं विज्ञान सातवी-आठवीच्या पुस्तकातलंच आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. वजन तेवढंच, पण ते टेकायला जागा जास्त मिळाली की दाब कमी होतो, आणि कठीण पृष्ठभागही सुखाचा वाटतो. 

खुर्च्यांना पहिलं बक्षीस मिळालं. पण त्या बनवताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लाकडाचे पातळ पापुद्रे सरसानं एकमेकांना चिकटवून, साच्यात दाबून हे कवच करायचं होतं. जिथे बैठक वळून पाठ होते, नेमकं तिथेच लाकूड तडकायचं. शेवटी ओबडधोबड कवच झाकायला वर फोम आणि कापड चढवावं लागलं. मोठ्या संख्येनं, स्वस्तात खुर्च्या काढायचा बेत तिथेच राहिला.

लाकूड का तडकलं हे मुलांना स्वतःच्या हातानं कळू शकतं. एक जुनं पोस्टकार्ड घ्या. त्याची नळी होते, कमान होते. आता तेच चेंडूवर चापूनचोपून बसवायला सांगा. कडांना चुण्या पडतील, नाही तर कागद फाटेल. पळसाच्या पानांचे द्रोण लावणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक असतं. सपाट पान खोलगट करायचं तर चुणी घालून काडी टोचावीच लागते. न ताणता आणि न फाडता सपाट पृष्ठ गोलावर बसत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली सिद्ध केलं. भूगोल शिकवणाऱ्यांची याच अडचणीशी वेगळ्या रूपात गाठ पडते. जगाचा सपाट नकाशा काढला, की बिचारं ग्रीनलंड कुठल्या कुठे फुगतं.

मग दोन्ही दिशांनी वळलेल्या आकाराचा एवढा हट्ट कशाला? पुन्हा पोस्टकार्ड घ्या. दोन पुस्तकांमध्ये पूल करून ठेवा आणि मधोमध खोडरबर ठेवा. पूल वाकतो. तेच पोस्टकार्ड लांबीच्या कडा थोड्या वर उचलून पन्हळीसारखं धरा. आता ते खोडरबर आरामात पेलतं. छपराच्या पन्हळी पत्र्याचं बळ हेच. मात्र पन्हळी पत्रा एका दिशेनं ताठ असला तरी दुसऱ्या दिशेनं गुंडाळता येतो. नारळाची करवंटी कुठल्याच दिशेनं गुंडाळता येत नाही. तिची वक्रता दुहेरी आहे. ती सपाट करायची तर तिचं पृष्ठ ताणावं किंवा फाडावं लागेल, आणि पदार्थ त्याला विरोध करतो. म्हणजे आकार घडवताना जो नियम आडवा येतो, तोच आकार घडल्यावर त्याला ताठ ठेवतो. कवच पातळ हवं आणि भक्कमही हवं असेल, तर या नियमाशी झुंजण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लाकूड आणि लोखंड

१९४१ साली चार्ल्सनं रे कायझर या चित्रकर्तीशी लग्न केलं आणि दोघं लॉस एंजेलिसला आली. पुढचं सगळं काम या दोघांचं आहे. रेचं नाव अनेक वर्षं मागे पडलं, हा त्या काळाचा दोष. राहत्या घरातच त्यांनी प्लायवुड वळवायचं एक यंत्र बनवलं. प्लॅस्टरचा साचा, त्यात तापणाऱ्या विजेच्या तारा, आणि लाकूड साच्यावर दाबायला रबरी पिशवी. पिशवीत हवा कशानं भरायची? सायकलच्या पंपानं!

युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन नौदलाला जखमी सैनिकांच्या पायांना बांधायच्या खपच्च्या हव्या होत्या. ईम्स पतिपत्नींनी त्या प्लायवुडच्या केल्या. सुमारे दीड लाख बनल्या. पायाच्या आकाराची ही खपच्ची दुहेरी वक्रच होती. लाकूड जिथे तडकेल तिथे त्यांनी आधीच फटी आणि भोकं ठेवली. द्रोण लावणारी चुणी घालते, यांनी तेवढा भाग काढूनच टाकला. पण खुर्चीच्या बाबतीत हीही युक्ती पुरली नाही. १९४६ च्या सुमारास त्यांची जी प्रसिद्ध प्लायवुडची खुर्ची आली, तिची बैठक वेगळी आणि पाठ वेगळी आहे. खुर्ची फार देखणी आहे. पण एकसंध कवचाच्या दृष्टीनं ती माघार होती.

लाकूड ताणलं जात नाही, पण धातू जातो. तांबट हातोडीनं ठोकून ठोकून सपाट पत्र्यातून घागर काढतो, ती याच गुणाच्या जोरावर. १९४८ साली त्याच संग्रहालयानं पुन्हा एक स्पर्धा जाहीर केली, या वेळी स्वस्त फर्निचरसाठी. युद्धावरून परतलेले सैनिक संसार थाटत होते, घरं लहान होती आणि खिसे हलके. ईम्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांच्या मदतीनं पत्रा साच्यात दाबून कवच बनवलं. दुसरं बक्षीस विभागून मिळालं. पण पत्रा दाबायचे साचे अवाढव्य आणि महाग. शिवाय थंडीच्या दिवसांत धातूच्या खुर्चीत कोण बसणार? धातू अंगातली उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून त्यावर रबरासारखा लेप देणं आलं, आणि लेप आला की खर्च आला. 

काच तुटते, मग काचेचा धागा का नाही?

इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ नावाचा तरुण अभियंता काम करत होता. काच एवढी ठिसूळ का, या प्रश्नाचा त्यानं १९२० साली छडा लावला. काचेतले अणू एकमेकांना चांगले घट्ट धरून असतात. पण काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, आणि ओढ बसली की सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. तिथून भेग धावत सुटते. ग्रिफिथनं काच तापवून तिचे बारीक बारीक धागे ओढले आणि ते तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीची काडी जेवढा ताण सोसते, त्याच्या जवळजवळ २० पट ताण ३ मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या धाग्यानं सोसला. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) इतक्या बारीक धाग्यात मोठी भेग मावणार कुठे?

धागे मोठ्या प्रमाणात काढायची युक्ती मात्र अपघातानं सापडली. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर जोराच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे तंतू उडाले. हे तंतू बनवायला १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. त्याच दशकात पॉलिएस्टर जातीची नवी कृत्रिम राळ, म्हणजे रेझीनही तयार झालं होतं.

नुसते धागे म्हणजे कापूस. त्यावर बसता येत नाही. नुसती राळ घट्ट झाली तर ठिसूळ. दोन्ही एकत्र आले की चित्र पालटतं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती घडवताना कारागीर आतून काथ्या लावतात, ते पाहिलं असेल. किंवा जुन्या घरांच्या भिंतींच्या मातीत कालवलेलं भाताचं काड. तत्त्व तेच. प्लॅस्टरमध्ये भेग पडली तरी ती काथ्याच्या धाग्याशी येऊन अडते. धागा ओढ घेतो, आणि भोवतालचा पदार्थ धाग्यांना जागच्या जागी धरून एकाचा भार दुसऱ्याला पोचवतो. अशा जोडीला संमिश्र पदार्थ म्हणतात. 

दुसऱ्या महायुद्धात या काचधाग्याला अचानक भाव आला. विमानातल्या रडारवर बसवायच्या घुमटाला ताकद हवी होती, पण रडारच्या लहरी त्यातून आरपार जायला हव्या होत्या. धातू लहरी अडवतो, काच आणि राळ अडवत नाहीत. लॉस एंजेलिसजवळ गार्डिना इथे झेनिथ प्लॅस्टिक्स ही कंपनी असे घुमट बनवत होती. युद्ध संपलं, मागणी आटली. एका बाजूला काम शोधणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पदार्थ शोधणारा आकार. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीनं साच्यांचा खर्च उचलला आणि १९५० साली हातांची खुर्ची विक्रीला आली. मागोमाग बिनहातांची आली.

ती बनायची कशी, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. कवचाच्या आकाराची एक जाळी असते. काचेच्या धाग्यांचे लहान लहान तुकडे हवेच्या झोतानं या जाळीवर बसवतात आणि थोड्या चिकट द्रवानं एकमेकांना धरवतात. त्यातून लोकरीच्या नमद्यासारखं एक मऊ कवच तयार होतं. ते धातूच्या साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये ठेवून त्यावर रंग मिसळलेली राळ ओततात आणि उष्णता देऊन दाबतात. काही मिनिटांत कठीण कवच बाहेर येतं. मग कडा कापून घासतात. इथे गाउसचा नियम मोडला गेला का? अजिबात नाही. त्याला वळसा घातला गेला. सपाट काही वाकवायचंच नाही. जणू पानच झाडावर द्रोणाच्या आकारात उगवलं!

सुरुवातीच्या खुर्च्यांच्या कडेत मजबुतीसाठी दोर घालत, आणि आज जुन्या वस्तूंचे शौकीन ही दोराची कड बोटानं चाचपून बघतात. रंग राळेतच असल्यामुळे टवके उडून आतला पांढरा भाग दिसायचा प्रश्न नव्हता. सारिनेननं १९४८ मध्येच एका खुर्चीत काचधाग्याचं कवच वापरलं होतं, पण ते कापडाखाली झाकलेलं होतं. ईम्स यांनी ते उघडं ठेवलं. उजेडात धरलं तर राळेत अस्ताव्यस्त पडलेले धागे दिसतात. ते लपवले नाहीत, हे आम्हाला या खुर्चीचं सर्वांत आवडतं.

सांधा

कवच झालं, पण पाय कसे लावायचे? पातळ कवचाला भोक पाडून बोल्ट घातला, तर त्या भोकाशी ताण एकवटणार. पुन्हा ग्रिफिथची भेग. म्हणून कवचाच्या खालच्या बाजूला रबराच्या जाड चकत्या चिकटवल्या आणि पायांचे स्क्रू त्या चकत्यांत बसवले. रबर थोडं दबतं, धक्का पसरवतं आणि पाठ टेकली की किंचित झुकूही देतं. मात्र रबर म्हातारं होतं. बऱ्याच जुन्या खुर्च्यांची कवचं अजून ठणठणीत आहेत आणि चकत्या मात्र सुटलेल्या आहेत.

याच सांध्यामुळे एका कवचाला नाना तऱ्हेचे पाय लावता आले. लाकडी पाय, तारांचा मनोरा, डुलती खुर्ची, आणि १९५५ पासून एकावर एक रचता येणारे पाय. शाळा आणि सभागृहांत या खुर्च्या शिरल्या त्या इथून.

सारिनेनला मात्र पाय ही चीजच खटकत होती. टेबलाखुर्च्यांखाली झालेली पायांची गर्दी हटवायला त्यानं १९५० च्या दशकाच्या मध्यावर एका देठावर उभी राहणारी ट्युलिप खुर्ची काढली. ती वरपासून खालपर्यंत एकाच पदार्थाची असावी ही त्याची इच्छा. पण बारीक देठाला तो भार काचधाग्यात पेलवेना. देठ ॲल्युमिनियमचा ओतून त्यावर कवचासारखाच पांढरा लेप दिला. दिसायला एकसंध, असायला दोन! १९६१ साली तो गेला, तोवर ही इच्छा अपुरीच राहिली होती.

ईम्स पतिपत्नींचा आपल्याशीही संबंध आला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ती दोघं इथे फिरली आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली, तिचं मूळ या अहवालात आहे. त्यात त्यांनी मनसोक्त कौतुक केलं आहे ते आपल्या लोट्याचं. लोट्यात पाणी किती मावावं, तो भरलेला आणि रिकामा कसा तोलला जातो, धार कशी पडते, कमरेवर कसा बसतो, धुवायला हात आत जातो का, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत जातात. वर्गात कुठलीही वस्तू ठेवून असे प्रश्न काढायला सांगावेत. मुलं आपल्याला मागे टाकतात.

मडकं आणि मेण

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मेण तापवलं की वितळतं, थंड झालं की थिजतं. कितीही वेळा करा. मडकं एकदा भाजलं की त्याची पुन्हा माती होत नाही. पॉलिएस्टरची राळ मडक्याच्या जातीची आहे. तिच्यातल्या लांब लांब साखळ्या स्टायरीन नावाच्या द्रवाच्या मदतीनं एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि एकच जाळं होतं. हे जाळं तापवून सुटत नाही. म्हणून खुर्ची टिकाऊ, आणि म्हणूनच मोडली तर तिचं नवं काही करणं कठीण. धागे राळेतून सुटत नाहीत, राळ वितळत नाही. शिवाय कारखान्यात स्टायरीनची वाफ कामगारांच्या श्वासात जाते आणि कडा घासताना काचेची धूळ उडते. पर्यावरणाच्या कारणावरून हर्मन मिलरनं १९९० च्या आसपास ही खुर्ची बंद केली. २००१ मध्ये तोच आकार पॉलिप्रॉपिलीनमध्ये आणला आणि २०१३ मध्ये स्टायरीनची वाफ टाळणाऱ्या नव्या पद्धतीनं पुन्हा काचधाग्यात.

पॉलिप्रॉपिलीन मेणाच्या जातीचं. ते १९५४ साली इटलीत जूलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेत बनलं. १९६३ मध्ये रॉबिन डे या इंग्रज रचनाकाराच्या खुर्चीचं कवच त्यातून निघालं. धागे नाहीत, राळ ओतणं नाही; वितळलेलं प्लॅस्टिक बंद साच्यात जोरानं घुसवायचं. पाय मात्र धातूचे होते. १९७२ मध्ये ऑन्री मासोने या फ्रेंच माणसानं पायांसकट अख्खी खुर्ची प्लॅस्टिकच्या एकाच ओतीत काढली. आपल्या सभागृहातली खुर्ची तिचीच वंशज. तिच्यात धागा नसल्यामुळे सगळा भार आकारावर आहे. पायांचा आडवा छेद कसा काटकोनात वळलाय, पाठ आणि बैठक कशी खोलगट आहे, ते मुलांना खुर्ची उलटी करून दाखवा.

खरा काचधागा बघायचा असेल तर कोकणच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या आहेत, बागेतल्या काही घसरगुंड्या आहेत. मोडक्या कडेला हात लावू देऊ नका. काचेचे तंतू कातडीत रुततात आणि खाज सुटते. त्यापेक्षा वर्गात काथ्या बरा. काड्यापेटीच्या दोन रिकाम्या ट्रेमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून ओता, एकात काथ्याचे तुकडे सगळीकडे पसरून घाला. (प्लॅस्टर घट्ट होताना तापतं, त्यात बोट घालू नये.) दुसऱ्या दिवशी दोन्ही वड्या बाहेर काढून मोडायला सांगा. साधी वडी कट्‌कन मोडून दोन तुकडे होतील. काथ्याची वडी तडकेल, पण लोंबकळत राहील. मग ती लोंबकळणारी वडी एखाद्या गटाच्या हाती द्या आणि सांगा, आता यातला काथ्या वेगळा आणि प्लॅस्टर वेगळं करून दाखवा.